‘काय आयकं रे भो?’

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात आपले ज्येष्ठ सभासद व माजी सचिव यांनी केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला विषय दिला, ‘कामाच्या आयुष्यातले नेतृत्व आणि मार्गदर्शन’. मी घरी सौ.ला विचारलं, यावर मी काय बोलू? ती म्हणाली, ‘‘पस्तीस वर्षं कारखान्यात आरडाओरडा केला, तोच सांगा.’’ मी विचार केला, बाई बरोबर बोलते आहे. आज मी माझ्या आरड्याओरड्याबद्दलच बोलणार आहे. त्यापायी काय गमावलं आणि ते कोणी भरून काढलं, एवढंच.

इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे की मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आपल्या खान्देशात कापूस पिकतो आणि कापूस म्हटला की जिनिंग आलंच. नव्या पिढीसाठी दोन वाक्यांत सांगतो. शेतकरी गाडी भरून कपाशी आणतो. ती रेच्यावर घातली की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे होते. मग रुई प्रेसमध्ये दाबून साधारण १७० किलोची गठाण बांधतात. रेच्यात दोन लाटा असतात, त्यांवर चामड्याच्या चकत्या आणि त्यांना तिरप्या खाचा. लाटेला लागून सुरी. हे अंतर बिघडलं की सरकी फुटते, रुईत कचरा येतो आणि मालक ओरडतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की दिवसरात्र पाळ्या चालायच्या. नाका-कानात रुईचे तंतू जायचे, शेजारचा काय बोलतो ते ऐकू यायचं नाही.

एवढ्या गोंगाटात मला पहिल्यांदा ऐकायला शिकवलं ते आमच्या मिस्तरीआबांनी. शाळा चौथीपर्यंत, डोक्याला रुमाल, खिशात विडी. पण कारखान्याच्या आवारात ती कधी पेटवली नाही. मी डिप्लोमा करून आलेला नवा पोरगा. पहिल्याच आठवड्यात एक रेचा नीट चालेना. मी मॅन्युअल काढलं. आबांनी माझ्या हातात मोठा पेचकस दिला, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायला लावलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. थोडा वेळ थांबले आणि अहिराणीत म्हणाले, ‘‘काय आयकं रे भो?’’ काय ऐकलंस रे भाऊ?

मी म्हटलं, घरघर. म्हणाले, आता शेजारच्या रेच्यावर ऐक. तिथेही घरघर, पण वेगळी. तिसऱ्यावर ऐक. असे दहा रेचे ऐकवले. मग म्हणाले, पहिल्यावर परत जा. तेव्हा माझ्या मलाच कळलं, त्या घरघरीत एक बारीक किरकिर होती. ग्रीस पोचत नव्हतं. आबांना ते आधीपासून माहीत होतं. पाच सेकंदांत सांगू शकले असते. त्यांनी अर्धा तास घालवला आणि सांगितलं काहीच नाही. पाना माझ्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

आमच्या घरातली पोरं पुण्याला कंपन्यांत आहेत, ती म्हणतात, आम्हाला ‘मेंटॉर’ दिला आहे, ‘कोचिंग’चं सेशन आहे. चांगलं आहे. पण मला कोच म्हटलं की आबांचे ते पाठीमागे बांधलेले हात आठवतात. गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते, तिथे वस्तादाला बघा. तालमीत तो पोराला सगळे डाव शिकवतो, पण जोड लागली की त्याला आखाड्यात उतरता येत नाही. बाहेर बसून मातीत बोटं रुतवत राहतो. येत असलेलं काम दुसऱ्याला करू देणं, चुकत असलेलं दिसूनही क्षणभर थांबणं, यासारखी अवघड गोष्ट मी कामाच्या ठिकाणी दुसरी पाहिली नाही.

पुढे मी सुपरवायझर झालो. आणि मला सांगायला लाज वाटते, की आबांनी शिकवलेलं मी यंत्रापुरतंच शिकलो. बेअरिंगला कान लावायचो, माणसाला लावायचा राहून गेला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या पाळीत एक जवान पोरगा रेच्यावर होता. जवळच्या खेड्यातला, कामाला चोख. एके दिवशी त्याने भर पाळीत रेचा बंद केला. मी धावत गेलो. म्हणाला, साहेब, काहीतरी वेगळं वाटतंय. मी वरवर पाहिलं, मला काही दिसलं नाही. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, मालकाचे दोन निरोप येऊन गेलेले. मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, ‘‘यंत्र थांबवायचा पगार घेतोस का?’’ आणि त्याचा अर्धा रोज कापला. आजूबाजूचे हसले. मला वाटलं, शिस्त लागली.

शिस्त लागलीच. आठवड्याभराने रात्रपाळीत त्याच रेच्याचं बेअरिंग किरकिरायला लागलं. त्याने ऐकलं. त्याला कळलंही. पण त्याने रेचा थांबवला नाही. सकाळी आबा आले की त्यांना सांगू, असं त्याने ठरवलं. सकाळ व्हायच्या आत बेअरिंग तापून लाल झालं आणि रुईनं पेट घेतला.

रुईची आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. जीवितहानी झाली नाही, देवाची कृपा. पण पेटलेला ढीग प्रेसकडे जाऊ नये म्हणून त्या पोराने तो हातांनी ओढला. उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मी लिहिला. कारण या रकान्यात मी लिहिलं, ‘रेचेवाल्याचे दुर्लक्ष’. तीन शब्दही नाहीत, दोनच. सही केली. त्याला हंगामाच्या मध्यावर घरी बसवलं.

संध्याकाळी नळावर हातपाय धूत होतो. आबा शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला बोलणार. ते बोलले नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘त्या दिवशी त्याने रेचा थांबवला ना, तवा तू काय आयकं रे भो?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी ऐकलंच नव्हतं. त्याला काय वेगळं वाटलं, आवाज, वास की हादरा, हे मी विचारलंच नव्हतं. दहा रेचे ऐकायला आबांनी मला अर्धा तास दिला होता. मी त्या पोराला अर्धा मिनिट दिला नाही. तो दुर्लक्ष करत नव्हता. उलट त्याचंच लक्ष होतं. दुर्लक्ष माझं होतं.

त्यानंतर मी मालकाकडे जाऊन रिपोर्ट बदलून दिला. मालक चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पण पुढच्या हंगामात पोराला कामावर घेतलं. इथपर्यंत ऐकून तुम्ही टाळ्या वाजवाल, म्हणून पुढचंही सांगतो. त्या हंगामाची त्याची बुडालेली मजुरी मी भरून दिली नाही. तेव्हा सुचलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. सुचलं होतं. घरात बहिणीचं लग्न होतं आणि मी ते मनातून काढून टाकलं. त्याच्या उजव्या हाताची मूठ आजही पूर्ण मिटत नाही. आजच्या भाषणात हे सांगू का, असं मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, ‘‘सांगा ना दादा, पन मन्हं नाव लेऊ नका.’’ म्हणून नाव घेतलं नाही.

या गोष्टीनंतर मी एक नियम केला. ज्याने यंत्र थांबवलं त्याला पहिला प्रश्न ‘का थांबवलं?’ हा नाही. पहिला प्रश्न, ‘काय ऐकलंस?’ आणि थांबवल्याबद्दल एक पैसा कापायचा नाही. खरं सांगतो, बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. दहा मिनिटं जायची, मालक कुरकुरायचा. पण जेव्हा निघायचं तेव्हा ते लहान असतानाच निघायचं. पुढे वाचनात आलं की जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची. साध्यातला साधा कामगारसुद्धा गडबड दिसली की ती ओढायचा, वरचा माणूस लगेच मदतीला यायचा आणि वेळेत सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबायची. जगभरचे लोक ते बघायला जातात. मी म्हटलं, आमच्या आबांकडे दोरी नव्हती, पेचकस होता.

आता आपल्या गावाकडे येतो. अमळनेरकराने नेतृत्वावर बोलायचं आणि साने गुरुजींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. गुरुजी तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने इथे आले आणि १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं आपल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असल्या तर गुरुजी स्वतः झाडायचे, त्यांचे कपडे धुऊन घड्या घालायचे, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो.

ही गोष्ट ऐकून मीही एकदा प्रयोग केला होता. कारखान्यातली पोरं कोपरा साफ करेनात, म्हणून एक दिवस मीच रागारागाने झाडू हाती घेतला. सगळ्यांना दिसेल असा झाडला. दुसऱ्या दिवशी कोपरा पुन्हा तसाच. गुरुजींनी झाडलं की मुलं झाडायला लागली, आणि मी झाडलं तर काहीच झालं नाही, असं का? यावर मी बरीच वर्षं विचार केला. माझा झाडू म्हणजे हातात धरलेली शिवी होती. गुरुजी मुलांना कमीपणा देण्यासाठी झाडत नव्हते. आई जशी झाडते तसे झाडत होते. मुलांना फरक कळतो. कामगारांनाही कळतो.

गुरुजींची दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी पडली. छात्रालयात ते हाताने लिहून एक दैनिक काढायचे, ‘छात्रालय’. रोज. त्या काळी कॉपी मशीन नाही. मुलांशी जे बोलायचं ते लिहून ठेवायचे आणि मुलं येऊन वाचायची. सगळ्यांसमोर उभं करून झापण्यापेक्षा ही रीत किती वेगळी!

आणि तिसरी गोष्ट तर मला सगळ्यात मोठी वाटते. १९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच होते. विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. गुरुजींनी ती समोर बसून लिहून घेतली, आणि त्याचंच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. देशभरातल्या भाषांत गेलं. विचार करा, ज्याच्या शब्दावर पोरं जीव टाकायची, असा हा वक्ता. तो दुसऱ्याचं बोलणं उतरवून घ्यायला मान खाली घालून बसला. एक शब्द सुटू नये म्हणून. ज्याला ऐकता येतं त्याचंच लोक ऐकतात, याला आपल्या शेजारच्या जिल्ह्यात याहून मोठा पुरावा कुठे शोधायचा?

गावातलं आणखी एक उदाहरण, तेही सर्वांच्या ओळखीचं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ‘विप्रो’चा शेअर हा सोन्याच्या दागिन्यासारखा जपलेला आहे. ती कंपनी १९४५ साली इथेच वनस्पती तुपासाठी निघाली. १९६६ साली वडील अचानक गेले आणि अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परत आले. वय २१. भागधारकांच्या सभेत एका भागधारकाने उभं राहून तोंडावर सांगितलं की तुम्हाला हे जमायचं नाही, कंपनी अनुभवी माणसाच्या हाती द्या. ही आठवण प्रेमजींनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे. मला त्यातलं हे आवडतं, की ज्याने तोंडावर सांगितलं त्याचं बोलणं ते विसरले नाहीत आणि लपवलंही नाही. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. आपल्यासाठी धडा एवढाच, की सभेत उठून कडू बोलणारा माणूस हा सभेचा शत्रू नसतो. सगळे गप्प बसलेली सभा मला जास्त भीतीदायक वाटते.

आता सभेचा विषय निघालाच आहे तर आपल्या सोसायटीबद्दल बोलतो. कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत आपण वार्षिक सर्वसाधारण सभा घेतो. मी सचिव असताना सभा पाऊण तासात आटपायची. मागील इतिवृत्त वाचून कायम, हिशेब मंजूर, आयत्या वेळचे विषय नाहीत, चहा. मला त्याचा अभिमान होता. मला वाटायचं, तक्रार नाही म्हणजे कारभार उत्तम.

मग टाकीच्या झाकणाचा प्रसंग झाला. जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण एका कोपऱ्यात गंजून गेलं होतं. सुट्टीत आलेल्या एका नातवाचा पाय त्यातून आत गेला. नळ येऊन गेला होता, टाकी काठोकाठ भरलेली. पोरगा मांडीपर्यंत अडकला म्हणून वाचला. खरचटण्यावर भागलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी मी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, तुम्ही रोज तिथे झाडता, तुम्हाला दिसलं नाही का? म्हणाल्या, ‘‘दिसलं ना साहेब. पंधरा दिवस झाले.’’ मग सांगितलं का नाही? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मागे गेटची कडी तुटली ते सांगायला आले होते. तुम्ही म्हणाले, तुम्हीच तोडली असेल.’’

मित्रहो, मला ते वाक्य आठवतही नव्हतं. मी ते सहज बोलून गेलो असेन. पण इतकी वर्षं मध्ये गेली, एक माणूस जायबंदी झाला, मी नियम केला, आणि घरी येऊन निवृत्त झाल्यावर मी पुन्हा तोच सुपरवायझर झालो होतो. ‘कोणी तोडलं?’ हा प्रश्न आधी आला. ‘काय दिसलं?’ हा आलाच नाही. वरच्या माणसाला वाईट बातमी सगळ्यात शेवटी कळते. ती लवकर कळावी असं वाटत असेल तर ती आणणाऱ्याला तोंड उघडल्याची किंमत मोजावी लागता कामा नये. माझ्या साऱ्या कामकाजी आयुष्याचा अर्क विचाराल तर तो एवढाच आहे.

झाकण बदललं. आणि गेटवर एक वही टांगली. तिच्यावर नाव घातलं, ‘दिसलं ते’. गुरुजींच्या दैनिकाची कल्पना डोक्यात होती, हे कबूल करतो. नियम दोनच. कोणीही लिहावं, सभासद, भाडेकरू, वॉचमन, मावशी, पोरंसोरं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं वॉचमनने लिहावं. आणि ‘कोणी केलं’ हे वहीत लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात वही कोरी होती. मग एक ओळ आली, ‘जिन्यातला दिवा दोन दिवस बंद’. तो त्याच संध्याकाळी लावला. लोकांनी पाहिलं की लिहिलं की होतं. मग ओळी वाढल्या. ‘वरच्या टाकीचा कॉक गळतो.’ ‘पार्किंगमध्ये वायर उघडी.’ एका लहान अक्षरातली नोंद मला पाठ आहे, ‘बाकावर बसलं की खिळा टोचतो’. त्या बाकावर आम्ही म्हातारे रोज बसतो. आम्हाला धोतर-पायजम्यातून कळलं नव्हतं, हाफ पँटवाल्याला कळलं.

समिती बदलली तेव्हा माझी परीक्षा झाली. नव्या सचिव वयाने माझ्या सुनेएवढ्या. कोणत्या वेळी कोणता कॉक फिरवायचा, पाणी कमी आलं तर कोणत्या बाजूला आधी सोडायचं, हे सगळं माझ्या डोक्यात. कागदावर काही नाही. मी आजारी पडलो असतो तर अख्खी सोसायटी कोरडी. म्हणजे चौदा वर्षांत मी एकही माणूस तयार केला नव्हता, फक्त स्वतःची गरज तयार केली होती. मग पाणी यायच्या दिवशी पहाटे आम्ही दोघं टाकीपाशी उभे राहायचो. पहिल्यांदा त्यांनी चुकीचा कॉक फिरवला. माझा हात पुढे गेला होता. मी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्यांनी पाइपला हात लावून पाहिला, थांबल्या, आणि स्वतःच म्हणाल्या, ‘‘काका, यात पाण्याचा आवाज येत नाहीये.’’ मला आबांची आठवण झाली. मी मनात म्हटलं, आयकं बरं का या पोरीने!

आज त्यांनी माझी पद्धत मोडून वेळापत्रकाचा तक्ता भिंतीवर लावला आहे, आणि तो माझ्या पद्धतीपेक्षा चांगला आहे. हे मान्य करायला मला दोन महिने लागले, तेही नोंदवून ठेवा.

पंचवीस वर्षं म्हणजे लहान काळ नाही. ज्यांनी प्लॉट घेतले, पाया घातला, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांना वंदन. पुढची पंचवीस वर्षं ज्यांच्या हाती आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात, ऑफिसात, सोसायटीत तुम्ही कुठेतरी वरच्या खुर्चीवर बसालच. कोणी काही सांगायला आलं तर बोट दाखवण्याआधी एक प्रश्न विचारा. मराठीत विचारा, अहिराणीत विचारा, इंग्रजीत विचारा, पण विचारा आणि मग गप्प बसा.

बराच वेळ घेतला. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर सौ.कडे तक्रार करू नका, वहीत लिहा. वही गेटवरच आहे.